उद्याची हजेरी

जगात सगळीकडे हजेरी सकाळी घेतात. आमची मुकादमीण ती संध्याकाळी काम सुटताना घ्यायची, आणि तीही दुसऱ्या दिवसाची. लातूरच्या एका डाळ मिलमध्ये खडे आणि काळे दाणे निवडायला अडतीस बायका होत्या. पाच वाजता त्या पदर झटकत उठल्या की ही फाटकाशी उभी राहायची आणि एकेकीला विचारायची, "उद्या घरी काय हाय?" कुणाकडे पाहुणे यायचे असत, कुणाच्या सासूचा डोळा दवाखान्यात दाखवायचा असे, कुणी नुसतंच 'काही नाही' म्हणून खाली बघत असे. सगळ्या गेल्या की ती मुनीमजींना सांगायची, उद्या चौतीसच येतील, त्या बेताने माल काढा. दुसऱ्या दिवशी चौतीसच यायच्या. एकदाच तेहतीस आल्या, तर मुकादमीण दुपारपर्यंत कुणाशी धड बोलली नाही.

मी तिला एकदा मोठ्या अभ्यासू चेहऱ्याने विचारलं होतं, की मावशी, हजेरी सकाळी का घेत नाही? ती म्हणाली, "आलेल्या बायांची हजेरी घ्यायला काय अक्कल लागती? त्या समोरच बसल्यात की."

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं नाही. वहीत मी त्या वेळी सरासरी काढत होतो.

मी तेव्हा नांदेडला एमबीए करत होतो. विषय मनुष्यबळ व्यवस्थापन. हा विषय मी का घेतला याचं खरं उत्तर असं, की फायनान्सला गणित होतं आणि मार्केटिंगला अनोळखी माणसांशी बोलावं लागणार होतं. माणसांचं व्यवस्थापन करायचं तर माणसांशी बोलणं आलंच, हे माझ्या लक्षात फी भरल्यावर आलं. हिमायतनगरजवळच्या आमच्या गावात वडील अभिमानाने सांगायचे, "मानसं सांभाळायचं शिक्षण घेऊन राहिला." त्यावर माझे चुलते पारावर सगळ्यांदेखत म्हणाले होते, की याला दोन बैल सांभाळायला दिले तर एक बैल दोन दिवस सापडत नव्हता, आता माणसं किती हरवतील ते बघा. चुलत्यांना त्या वेळी मी अडाणी समजलो. पुढे काय झालं ते सांगतोच.

पहिलं वर्ष संपलं की दोन महिने कुठल्यातरी कारखान्यात बसून प्रोजेक्ट करायचा असतो. वर्गातली हुशार पोरं पुण्याला गेली. मीही पुण्याच्या अकरा कंपन्यांना पत्रं पाठवली होती, पण नकार द्यायलाही त्यांना वेळ झाला नाही. शेवटी लातूरच्या मामांनी ओळखीने ही डाळ मिल मिळवून दिली. मामांचं घर लहान, म्हणून क्लासच्या पोरांच्या वस्तीत एक खोली घेतली. तिथे खोलीत पुस्तकं घेऊन बसणारा प्रत्येक पोरगा डॉक्टर व्हायला आलेला असतो. माझी घरमालकीण मला शेवटपर्यंत नीटचा रिपीटर समजत होती, आणि माझं वय बघून 'यंदा होईल हं' असा धीर देत होती.

पहिल्या दिवशी मुनीमजींनी मला निवडणीच्या शेडमध्ये मुकादमिणीच्या ताब्यात दिलं. पंचावन्नच्या पुढची, काटकुळी, कमरेला पानाची चंची आणि दोन्ही गुडघ्यांना कापडाच्या पट्ट्या. तिने विचारलं, शिकायला आलास ते कशावर? मी सांगितलं, विषय आहे 'कामगारांची गैरहजेरी'. तिने चंचीतून पान काढून तोंडात टाकलं. मग म्हणाली, "न्हाई आलेल्या बायांवर शिकून राहिलास? मग आलेल्यांवर कोन शिकतंय?" बायका हसल्या. मीही हसलो, कारण हसण्याशिवाय माझ्याकडे दुसरं कौशल्य नव्हतं. त्या दिवसापासून ती मला 'मॅनेजर' म्हणू लागली, आणि शेडमध्ये माझं नाव तेच पडलं.

भांडलेल्या बायका शेजारी शेजारी बसवायच्या, ही तिची एक रीत होती. दोघींचा अबोला सुरू झाला की दुसऱ्या दिवशी त्या दोघी एकाच ढिगाशी. मला वाटलं, बाईला काही कळत नाही. आमच्या पुस्तकात संघर्ष निवारणावर चाळीस पानं होती आणि त्यात दोन्ही पक्षांना आधी दूर करा असं होतं. मी तिला तसं सुचवूनही पाहिलं. ती म्हणाली, लांब बसवलं की मधल्या दहाजणी दोघींचंही ऐकून घेतात आणि भांडण दहा घरी जातं. जवळ बसवलं की ऐकायला कुणी नाही, दोघीच एकमेकींचं तोंड बघतात. दुपारच्या जेवणापर्यंत अशा दोघींनी लोणचं वाटून घेतलेलं मी डोळ्यांनी पाहिलं, आणि तरी परीक्षेत चाळीस पानांतलंच उत्तर लिहिलं.

दुसरी रीत पाण्याची. चारचौघींत ती कुणाला रागे भरत नसे. काही सांगायचं असलं की म्हणे, "चल, पानी पिऊन येऊ." शेडच्या टोकाला माठ होता. तिथे जाऊन परत आलेली बाई तासभर मान वर करत नसे, पण काय बोलणं झालं ते कुणालाच कळत नसे. हे आमंत्रण एकदा मलाही मिळालं. मी प्रश्नावली वाटत होतो. त्यात गैरहजेरीचं कारण विचारून पुढे पर्याय दिले होते: आजारपण, घरगुती, कामाचा कंटाळा. कोपऱ्यातल्या एका तरुण बाईसमोर मी कागद धरला आणि मागच्या महिन्यातल्या आठ दिवसांचं कारण विचारलं. ती काही बोलेना. मी तिसऱ्या पर्यायावर पेन ठेवून वाट बघत होतो. तेवढ्यात मुकादमिणीने मला पाण्याला बोलावलं. माठाजवळ तिने तांब्या माझ्या हातात दिला आणि हळू आवाजात सांगितलं, त्या बाईचं सहा महिन्यांचं लेकरू त्या आठवड्यात गेलं. तिला कागद देऊ नको, आणि आता मागे फिरून तिच्याकडे बघूही नको. मी तांब्याभर पाणी प्यायलो. तहान नव्हती.

बाकी सदतीस कागद मात्र भरून आले. बऱ्याचजणींना लिहिता येत नव्हतं, म्हणून मुकादमीण प्रश्न ऐकून सगळ्यांच्या खुणा करवून घेत होती. मला कामात समाधान आहे: पूर्ण सहमत. मला हे काम सोडावंसं वाटतं: पूर्ण सहमत. सगळ्या प्रश्नांना सगळ्या बायका पूर्ण सहमत. मी चक्रावलो, तर ती म्हणाली, लेकराच्या परीक्षेचं काम आहे, त्यात कुणी नाही कशाला म्हणेल? आमच्या गाईड सरांनी ते आकडे पाहिले आणि इतका स्पष्ट निष्कर्ष फार कमी विद्यार्थ्यांना मिळतो म्हणून माझी पाठ थोपटली.

रिपोर्टची पहिली चार प्रकरणं मी खरोखर स्वतः लिहिली. पाचव्या प्रकरणात शिफारशी असतात, आणि शिफारशी आमच्या कॉलेजात वंशपरंपरेने चालत येत. मी त्या एका सीनियरच्या रिपोर्टवरून उतरवल्या. त्याने त्या साखर कारखान्यासाठी लिहिल्या होत्या, बहुधा त्यानेही कुठूनतरी आणलेल्या. मी जिथे जिथे साखर कारखाना होता तिथे डाळ मिल घातलं. एक पान नजरेतून सुटलं, त्यामुळे माझ्या डाळ मिलमध्ये उसाचं गाळपही चालू राहिलं. तोंडी परीक्षेला आलेल्या सरांना ते दिसलं नाही. मला डिस्टिंक्शन मिळालं. रिपोर्ट कुणी वाचत नाही, या एका श्रद्धेवर आमचं सगळं पदव्युत्तर शिक्षण उभं होतं.

रिवाजाप्रमाणे एक प्रत मिलला दिली. आणि माझं नशीब असं, की मिलच्या छोट्या मालकांनी ती वाचली.

एमबीए संपल्यावर मला नांदेडला सफाई कामगार आणि वॉचमन पुरवणाऱ्या एका एजन्सीत नोकरी लागली होती. हुद्दा एचआर एक्झिक्युटिव्ह, म्हणजे सकाळी हजेरी घेणे. एक दिवस मुनीमजींचा फोन आला. ते अभिनंदनच करत होते. तुमचा रिपोर्ट मालकांना फार आवडला, म्हणाले. त्यात लिहिलं होतं तसं फाटकावर अंगठ्याचं मशीन बसवलं, आणि मुकादमिणीला परवाच कामावर येऊ नको म्हणून सांगितलं. मी विचारलं, असं कुठे लिहिलंय? त्यांनी पान क्रमांक सांगितला. 'व्यवस्थापन आणि कामगार यांच्यातील मुकादम हा अनावश्यक दुवा काढून टाकावा.' मालकांनी ते इंग्रजी वाक्य मराठीत करून तिला वाचून दाखवलं होतं, आणि खाली माझं नाव असल्याचंही सांगितलं होतं.

शूर माणूस त्याच दिवशी लातूरची एसटी धरतो. मी आठ महिने घेतले. आधी वाटलं पत्र लिहावं, पण तिला वाचता येत नाही ही सबब हाताशी होती. मग दिवाळीनंतर जाऊ, मग संक्रांतीनंतर. चुलत्यांचा तो हरवलेला बैल मात्र दोन दिवसांत सापडला होता.

शेवटी गेलो. फाटकावर मशीन होतं आणि बायका त्यावर अंगठा दाबून, पदराला पुसून, पुन्हा दाबत होत्या. वर्षानुवर्षं डाळ निवडून बोटांवरच्या रेघा गेलेल्या, मशीनला त्या ओळखूच येत नव्हत्या. मुनीमजी बाजूला वही घेऊन उभे होते. छोट्या मालकांनी मला चहा दिला. मी त्यांना सांगून टाकलं, की ते वाक्य माझं नाही, नकललेलं आहे, आणि मुकादमिणीबद्दल तर मुळीच नाही. ते हसले. म्हणाले, कुणाचं का असेना, कल्पना चांगली आहे. मग गाळपाच्या पानाचीही त्यांनी आठवण करून दिली. वाचणारा माणूस खरोखर वाचणारा होता. तिला परत घ्या असं मी दोनदा म्हणालो. मशीन आता बसलं, एवढंच त्यांचं उत्तर होतं.

मुकादमीण लातूरजवळच्या मुरुडला लेकीकडे राहायला गेली होती. मी पोचलो तेव्हा ओट्यावर नातीची वेणी घालत बसली होती. "ये मॅनेजर," म्हणाली आणि सरकून जागा केली. मी येताना एसटीत भाषण तयार केलं होतं. त्यातलं एकच वाक्य बाहेर आलं, की मावशी, ते मी लिहिलेलं नव्हतं, दुसऱ्याचं बघून उतरवलं होतं, न वाचता.

तिचे हात थांबले. "म्हंजी तुला तसं वाटत न्हवतं?"

"नाही."

तिने वेणीचे पेड पुन्हा हातात घेतले. मग म्हणाली, "काम गेलं त्याचं एवढं न्हाई. गुडघे तसेबी गेलेलेच हायत. पर दोन म्हैने माझ्यापाशी बसलास, माझ्या डब्यातलं खाल्लंस, आन् सगळं बघून हीच बाई नको असं लिव्हलंस, ते लागलं. रोज इचार करायचे, माझं कुठं चुकलं आसंल."

आठ महिने ती हे करत होती, आणि मी सणवार मोजत होतो. मला तिच्याकडे बघवेना. तिने मात्र आत लेकीला हाक मारून आनंदाने सांगितलं, की त्यानं लिव्हलंच न्हवतं ते. माझी नक्कल, माझा आळस, हे तिला अपराध वाटतच नव्हते. तिच्या लेखी मी निर्दोष सुटलो होतो. मला तर तिने दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

चहा आला. मग तिने विचारलं, "सवताचं लिव्हलं असतंस तर काय लिव्हलं असतंस?"

मी म्हणालो, मुकादमिणीशिवाय मिल चालणार नाही, असं लिहिलं असतं.

"हे खोटं," ती म्हणाली. "चालून राहिली ना. खरं सांग."

मग खरं ते सांगितलं. लातूरला आल्यावर चौथ्याच दिवशी मी सगळं सोडून घरी निघालो होतो. पिशवी भरून मिलमध्येच आणली होती, दुपारची एसटी धरायची म्हणून. तिने जेवायला जवळ बसवून अर्धी भाकर दिली, पिशवीकडे बघितलं आणि काही विचारलं नाही. ती भाकर खाल्ली आणि मी राहिलो. मी शिकलो असेन नसेन, पण टिकलो ते तेवढ्यावर.

ती ऐकत होती. ऐकता ऐकता तिने नातीची दुसरी वेणी संपवली.

"असलं रिपोटात लिव्हत न्हाईत," ती म्हणाली. "पर हे लिव्हलं असतंस ना, तर मला काढायला मालकाला जड गेलं असतं बघ."

राग नव्हता त्यात. नातीच्या केसांना रिबन बांधता बांधता ती सहज बोलून गेली. मुरुडहून परतीच्या एसटीत मी तोंड खिडकीकडे करून बसलो होतो. पुढच्या उन्हाळ्यात ती गेली, आणि ते मला मुनीमजींकडून दोन आठवड्यांनी कळलं.