रविवारी न उघडणारं कपाट

आक्का गेली तेव्हा मी सोलापुरात, नवी पेठेतल्या आमच्या दुकानासमोर, भर रस्त्यात, इरकल साडीचा पदर उन्हात धरून उभा होतो. एका बाईंना रंग उजेडात बघायचा होता. तेवढ्यात सुवर्णाचा, म्हणजे माझ्या बायकोचा, फोन आला. "जरा घरी या," एवढंच म्हणाली. एरवी ती मला इतक्या मऊ आवाजात बोलावत नाही. रंग पक्का आहे असं बाईंना सांगितलं, साडी त्यांच्याच हातात ठेवली आणि निघालो. पुढच्या आठवड्यात त्या साडी परत द्यायला आल्या. उजेडात बघितलेला रंग घरी गेल्यावर आवडला नाही म्हणे. हे आक्काला सांगायला हवं, असं म्हणत मी फोन हातात घेतला… आणि तसाच खाली ठेवला.

आक्का म्हणजे महानंदा, माझी मोठी बहीण. घरात सगळे कापडात, ही एकटीच विज्ञानात. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत ती माणसाच्या कातडीतल्या साध्या पेशींना मागं न्यायचं काम करायची. कातडीची पेशी कातडी असल्याचं विसरते आणि पार सुरुवातीच्या अवस्थेत जाते. मग तिच्यातून हृदयाची, मज्जेची, वाटेल ती पेशी घडवता येते. हे तिनं मला निदान वीसदा समजावलं असेल, आणि मी प्रत्येक वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखी मान हलवली. हे करता येतं हे जगाला आधीच माहीत होतं. अडचण एवढीच, की हजारोंतून एखादीच पेशी अशी मागं वळते, बाकीच्या तशाच राहतात.

"म्हणजे आमच्यासारखंच की," मी म्हटलं. "अख्खं दुकान उलगडून दाखवायचं आणि गिऱ्हाईक एक ब्लाउजपीस घेऊन जाणार."

"तसंच. फक्त माझं गिऱ्हाईक महिनाभर विचार करतं आणि तोवर त्याला रोज खाऊ घालावं लागतं."

त्या हजारोंतल्या एखादीच्या चार-पाच कशा होतील, यात तिची सगळी वर्षं गेली. लग्न राहिलंच. राहिलं म्हणण्यापेक्षा, तिनं ते बाजूला ठेवलं आणि मग कुठं ठेवलं ते विसरली.

अव्वाला, म्हणजे आमच्या आईला, अर्धांगाचा झटका आला, त्यानंतर आक्का दर शनिवारी सोलापूरला यायला लागली. कारण सांगायला मला जरा लाजच वाटते. अव्वा दुसऱ्या कुणाला डोक्याला हातच लावू देत नव्हती. सुवर्णानं पाण्याचा तांब्या उचलला की म्हणायची, "तू राहू दे गं. डोळ्यात पाणी घालतीस." मग रविवारी सकाळी आक्का शिकेकाई कालवायची, अव्वाला पाटावर बसवायची, आणि दोघी कन्नडमध्ये माझ्या तब्येतीवर बोलायच्या. मला कन्नड येतं हे दोघी सोयीनं विसरायच्या. सोमवारी पहाटेच्या गाडीनं ती परत जायची. प्रयोगशाळेत मात्र कुजबूज होती, की बाई हुशार आहेत पण लक्ष घरात. तिलाही ते खात असावं. एकदा म्हणाली, "बसू, मी दोन्हीकडं अर्धीच असते रे."

आणि तरीही तिच्या पेशी वाढवायच्या बशांमध्ये त्या वळलेल्या पेशी बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त यायला लागल्या. पुन्हा केलं, पुन्हा आल्या. आम्ही कंदी पेढे वाटले. कशाचे, हे विचारणाऱ्यांना मी जे सांगितलं त्यावरून अर्ध्या पेठेला आक्का म्हातारपण घालवायचं औषध काढतेय असं वाटलं. दोघं-तिघं भाव विचारून गेले.

पण प्राचीला, तिच्याच हाताखाली तयार झालेल्या मुलीला, ते जमेना. तेच रसायन, तीच लिहिलेली पद्धत, आणि बशी रिकामी. लोक आक्काला म्हणायचे, "मॅडम, तुमच्या हातालाच गुण आहे." डॉक्टरला हे ऐकून बरं वाटतं. आक्काचा चेहरा पडायचा. "माझ्याच हाताला येत असेल तर प्रयोग फसला, बसू. ते दुसऱ्या कुणाच्याही हाताला यायला पाहिजे. नाहीतर ते झालंच नाही."

त्यातच तिचं दुखणं निघालं. पोटातलं, आणि उशिरा कळलेलं. डॉक्टरांनी हातचं काही राखून सांगितलं नाही. ती पुणं आवरून आमच्याकडं राहायला आली. तिनं एकच गोष्ट मागे लावून घेतली, ती म्हणजे प्राचीच्या हाताला ते का येत नाही. रोज फोन. हवा किती, ऊब किती, पाणी कुठलं…

एकदा प्राची तिला भेटायला आली. जेवायला बसलो. कडक भाकरी कशी मोडायची याचं प्रात्यक्षिक देत मी नेहमीसारखा बडबडत होतो. आक्का दर शनिवारी कशी यायची, रविवारी अव्वाचं न्हाणं म्हणजे कसा सोहळा, सोमवारी स्टेशनवर सोडताना मी कसा पेंगत असायचो…

प्राचीच्या हातातली भाकरी तशीच राहिली. "काका, दर रविवारी? मग मॅडम, रविवारी पेशींना खाऊ कोण घालायचं?"

"कोण घालणार? शनिवारी निघताना मी दोन दिवसांचं घालून यायचे," आक्का म्हणाली.

"तुम्ही लिहिलंय, रोज."

"रोजच झालं की ते. रविवारचं शनिवारी…" आणि ती थांबली.

प्राची नेमानं रविवारीही जायची, कपाट उघडायची. त्या पेशींच्या कपाटात प्राणवायू मुद्दाम कमी ठेवलेला असतो. दार उघडलं की बाहेरची हवा आत शिरते, आणि बशीतलं जुनं पाणी काढलं की पेशींनी स्वतः सोडलेलं काहीबाही त्याच्याबरोबर जातं. नेमकं काय त्यांना मानवलं, ते अजून शोधताहेत. पण आक्का नसताना दोन दिवस त्यांना कुणी हात लावत नव्हतं, एवढं खरं. आक्का ताटावरून मागं सरकली. मग आतल्या खोलीकडं वळून म्हणाली, "अव्वा, तुझ्या केसांनी घोळ घातलाय बघ."

"तेल न्हाय लावलंस तर घोळ व्हणारच की," आतून उत्तर आलं.

मग रविवारी हात न लावता पुन्हा प्रयोग, आणि महिनाभराची वाट. आक्का अंथरुणाला खिळली होती, पण प्राचीला फोनवर दटावायची, "उघडू नकोस. बघायचा मोह आवर." एका दुपारी फोटो आला. मला तो कापडावरचा खळीचा डाग वाटला, आणि मी तसं बोललोही. "तुला आयुष्यभर कापडच दिसणार," आक्का म्हणाली. ते चकाकत्या कडांचे ठिपके होते, वळलेल्या पेशींचे. बरेच होते.

तिनं प्राचीला विचारलं, "तू केलंस?"

"नाही मॅडम. तुम्हाला बोलले नाही, पण मुद्दाम दुसऱ्या लॅबमधल्या मुलीला करायला दिलं. नुसता पद्धतीचा सुधारलेला कागद दिला. तिला तुम्ही कोण हेही माहीत नाही."

आक्कानं फोन छातीवर ठेवला. "बसू, ऐकलंस? तिला मी माहीतही नाही." एवढं खूश झालेलं मी तिला शाळेत पहिली आल्यावरही पाहिलं नव्हतं. त्यानंतर ती थोडेच दिवस होती. आमच्यात माणसाला बसवूनच माती देतात, त्या रिवाजाप्रमाणे तिला बसवून, विभूती लावून निरोप दिला. बसलेली ती अगदी काहीतरी बघत असल्यासारखी दिसत होती.

परवा प्राचीचा फोन आला, अव्वाची चौकशी करायला. रविवार होता. मी विचारलं, आज लॅबला नाही?

"आज कुणीच जात नाही, काका. नवीन मुलांना अजून चैन पडत नाही. एकजण तर दारापर्यंत जाऊन परत आला."

मी फोनवर बोलत होतो तेव्हा मोरीत सुवर्णा अव्वाच्या डोक्यावर पाणी घालत होती. तिचं पाणी अव्वाच्या डोळ्यात जातंच. अव्वा आता काही म्हणत नाही. ती डोळे गच्च मिटून, मान खाली घालून, पाणी थांबेपर्यंत बसून राहते.