ताईची काळी गाडी

महिन्यापूर्वी एका सकाळी भाऊजींचा फोन आला. पक्षाघातानंतर त्यांनी स्वतःहून कधी फोन केला नव्हता. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता... मी नांदुऱ्याहून तसाच संग्रामपूरला निघालो. माझी थोरली बहीण, सुमनताई, झोपेतच गेली होती.

ताई नर्स होती. निवृत्त झाल्यावर तिने गाडी घेतली, तीही काळी कुळकुळीत. "इथली धूळ पाहून राह्यली ना तू? काळा रंग काऊन घेतला?" मी विचारलं. "मले आवडला," एवढंच म्हणाली.

गाडी ती स्वतःच धुवायची. सावलीत उभी करायची. कोरडं फडकं लावू द्यायची नाही. आधी भरपूर पाणी ओतून धूळ वाहून जाऊ द्यायची. एका बादलीत साबणाचं पाणी, दुसरीत फडकं खळबळून घ्यायला साधं. सुरुवात टपापासून, चिखलाचा खालचा भाग शेवटी. काळ्या रंगावर मातीचा कण जरी घासला तरी उन्हात ओरखडा चमकतो, असं तिचं म्हणणं.

भाऊजींचा उजवा हात लुळा पडला, बोलणं तुटक झालं, तेव्हा ते दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचे. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करायचे नाहीत. एका रविवारी ताईने त्यांना धरून अंगणात आणलं, गाडीपाशी उभं केलं आणि डाव्या हातात मऊ टॉवेल दिला. "मी धुते, तुम्ही टिपा. घासू नका."

मी तिथेच होतो. टॉवेल त्यांच्या हातून निसटून मातीत पडला. ताई पुढे झाली नाही. गाडीला टेकून भाऊजी हळूहळू वाकले, टॉवेल उचलला आणि तोच बोनेटवर फिरवला. कर्रकन आवाज झाला, लांबलचक ओरखडा उमटला. भाऊजी रडू लागले...

"राहू द्या," ताई म्हणाली. "तुम्ही खाली वाकले ना, मले तेच लय झालं."

तो ओरखडा तिने कधी घालवून घेतला नाही. मग दर रविवारी ती धुवायची, ते टिपायचे, आणि नंतर दोघं सातपुड्याच्या बाजूला चक्कर मारून यायची.

परवा गेलो तर गाडीवर धुळीचा थर बसला होता. आम्ही दोघांनी ती धुतली, टिपली. मग भाऊजी पुढच्या सीटवर जाऊन बसले. मी स्टिअरिंगमागे शिरलो तर गुडघे अडकले. ताई ठेंगणी, सीट तिच्या मापाने पुढे ओढलेली. मागे सरकवायला मी खाली हात घातला.

"नको," भाऊजी म्हणाले.

मी तसाच अवघडून बसलो आणि गाडी सुरू केली.