घाटातलं रडणं

कुंभार्ली घाट लागला आणि माझी तान्ही नात रडायला लागली. गाडीच्या मागच्या सीटवर, तिथे बसवलेल्या तिच्या छोट्या खुर्चीला खेटूनच मी बसले होते. पट्ट्यांत अडकलेला तो जीव लालबुंद झाला होता. हुंदक्यांनी तिला धाप लागत होती.

“मुक्ता, मी घेते गं हिला मांडीवर. मला बघवत नाही,” मी गाडी चालवणाऱ्या माझ्या लेकीला म्हणाले.

“नको, आई.” तिचाही आवाज रडवेला झाला होता. “अचानक ब्रेक लागला तर ती तुझ्या हातांतून निसटेल. कितीही घट्ट धरलंस तरी.”

मला रागच आला. याच हातांनी मुक्ताला वाढवलं होतं.

रुंद जागा दिसताच मुक्ताने गाडी बाजूला घेतली. बाळाला छातीशी धरून पाजलं आणि स्वतःही रडून घेतलं. मग तिला पुन्हा खुर्चीत बसवलं, खांद्यावरचा पट्टा चिमटीत येणार नाही इतका घट्ट ओढून घेतला. बाळाने पुन्हा टाहो फोडला.

आईची कूस म्हणजे सगळ्यात सुरक्षित जागा, असं मी जन्मभर मानत आले. पण वळणावरून एखादा ट्रक अंगावर आलाच, तर त्याला त्या कुशीचं काय? मग आपल्या मायेने करायचं तरी काय?

मी बोट पुढे केलं. नातीने ते मुठीत आवळलं आणि रडत राहिली. घाट उतरेपर्यंत ती रडत होती, आणि मी तिला सोडवलं नाही.