बटणाचा कॅमेरा

वर्षानुवर्षं लाँड्रीत इस्त्री करून मावशीच्या बोटांची टोकं इतकी निबर झाली होती, की मोबाइलची काच त्यांना दादच देत नसे. भाचीच्या बाळाने पहिलं पाऊल टाकलं, तेव्हाही फोटो काढायला मावशी काचेवर बोट घासतच राहिली. मग मात्र तिने ठरवलं, बटण असलेला कॅमेरा घ्यायचा.

काम सुटल्यावर एप्रनवरच ती भाचीबरोबर दुकानात गेली. दुकानदाराने लांब नळीचा मोठा कॅमेरा पुढे केला.

"याला सांभाळायला वेगळा माणूस ठेवावा लागेल," मावशी म्हणाली.

मग त्याने साबणाच्या वडीएवढा छोटा डिजिटल कॅमेरा काढला. मावशीने तो एप्रनच्या खिशात टाकून पाहिला, पुन्हा काढला, एका हातात धरला आणि बटण दाबलं. पडद्यावर भाची खळखळून हसत होती, जराशी तिरकी.

"अगं मावशी, केस तरी नीट करू द्यायचेस!"

"केस नीट केलेस, की तू अशी हसतेस कुठे?"

तिने तोच घेतला.

दुसऱ्या दिवशी लाँड्रीत शेजारच्या टेबलावरची बाई कपाळावरचा घाम पुसत म्हणाली, "आमचाही काढ की गं एखादा."

"एखादाच कशाला?" म्हणत मावशीने इस्त्री बाजूला उभी केली.