आकाराम मेजरची थंड पेटी

दरवर्षी जुलैमध्ये मी बारावी कॉमर्सच्या मुलांना एक व्याख्या लिहून देतो. जो गरज ओळखतो, साधनं जुळवतो, जोखीम पत्करतो आणि गिऱ्हाइकाला दिलेला शब्द पाळतो, तो उद्योजक. मुलं लिहून घेतात, परीक्षेत ओकतात आणि विसरून जातात. उदाहरण म्हणून मी आजवर हळदीचा व्यापारी सांगत आलो, नाहीतर एखादी डेअरी. यंदा दुसऱ्या बाकावरच्या दीपमालानं हात वर केला आणि विचारलं, की सर, आपल्या गावातले आकाराम मामा उद्योजक नाहीत का? मागच्या बाकावरचा एक दांडगा पोरगा, जो कधी देवळात जात नाही, तो छातीला हात लावून काहीतरी पुटपुटला. मी हजेरीपट उचलला आणि तास संपायला दहा मिनिटं असताना बाहेर पडलो.

उत्तर मला ठाऊक होतं, पण ते तोंडातून निघेना. म्हणून आता लिहून देतोय. वाचा, पण परीक्षेत लिहू नका, मार्क मिळणार नाहीत.

म्हसवडपासून आठ किलोमीटरवर आमचं गाव. आकारामचं घर आणि माझं घर यांच्यात एकच भिंत. अठरा वर्षं तो सैन्यात होता, थंड करायची यंत्रं दुरुस्त करायचा. त्याचे वडील वारले तेव्हा तो दूर बर्फात होता. तिसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचला, तेव्हा सकाळीच राख सावडून झाली होती. त्याला बापाचं तोंड बघायला मिळालं नाही. यात नवल काहीच नव्हतं. आमच्या भागात दर दोन-तीन घरांमागं एक फौजी. म्हातारी माणसं मरतात तेव्हा पोरगा गाडीत नाहीतर विमानतळावर असतो, आणि गावकरी म्हणतात, किती वाट बघायची, उरका. पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांना हे दिसत होतं. त्यातली गरज ओळखणारा हा एकटाच निघाला.

पेन्शनीत आल्यावर तो सांगलीला गेला. तिथं नानासो नावाचा एक वेल्डर आहे, पत्र्याच्या कामात हात बसलेला. त्याला आकारामनं माप दिलं. साडेसहा फूट लांब, दोन फूट रुंद, वर काच. विचारलं तर दूध गार ठेवायला म्हणून सांगितलं. नानासो म्हणाला, एवढं उंच दूध मी तरी बघितलं नाही. मग खरं काय ते कळलं आणि त्याच्या कामगारांनी हत्यारं खाली ठेवली. शेवटचे जोड आकारामनं स्वतःच्या हातानं मारले.

पुढचं मला नानासोनं सांगितलं, आणि सांगताना तो दाराकडं बघत होता. पेटी पुरी झाल्यावर आकारामनं बूट काढले, आत आडवा झाला आणि झाकण लावायला सांगितलं. मशीन सुरू झालं. भर दुपार, बाहेर रिक्षांची ये-जा, आणि काचेखाली हा हात छातीवर घेऊन पडलेला. हळूहळू त्याच्या श्वासानं काच आतून धुरकट होत गेली आणि तोंड दिसेनासं झालं. दहा मिनिटं झाली, आतून काही नाही. नानासोनं घाबरून झाकण उघडलं, तर आकाराम डोळे उघडे ठेवून पडला होता.

"डोक्याकडं गारवा कमी पडतोय," तो म्हणाला. "पायाकडं लय हाय."

मुलांनो, याला आपल्या पुस्तकात उत्पादनाची चाचणी म्हणतात.

एका बँकेत तो कर्जाला गेला. अर्जात 'तुमचा ग्राहक कोण' असा रकाना होता. आत झोपतो तो, का लांबून येतोय तो? आकारामनं रकाना मोकळा सोडला. कर्ज मिळालं नाही. निवृत्तीचे पैसे घातले आणि एक पांढरा टेम्पो घेतला. ज्या आठवड्यात पेटी घरात आली, त्याच आठवड्यात त्याची बायको माहेरी गेली, ती गेलीच. घरात उरले दोघं, तो आणि त्याची आई चंद्राबाई. मी जोखीम शिकवतो तेव्हा फळ्यावर नफा आणि तोटा असे दोन शब्द लिहितो. हा तोटा त्यात कुठं बसवायचा ते मला अजून कळलेलं नाही.

या धंद्याला पाटी नाही. टेम्पोवर नाव नाही, फोन नंबर नाही. तरी साताऱ्याच्या डोंगरापासून सांगलीच्या नदीकाठापर्यंत तो नंबर प्रत्येकाच्या फोनमध्ये आहे, आणि 'माझ्याकडं आहे' असं कोणी कबूल करत नाही. त्याला फोन करणारा माणूस बोलत नाही. घरात मढं झाकलेलं असताना काय बोलायचं? फोन उचलला की पलीकडं नुसता श्वास ऐकू येतो, मागं बायकांचं रडणं. आकाराम एवढंच म्हणतो, "पत्ता सांगा."

त्यानं स्वतः कुणाला फोन करायचा नाही, हा गावानं न सांगता घातलेला नियम. आपण कुणाच्या घरून निघताना 'येतो' म्हणतो, 'जातो' म्हणणं अशुभ. आकारामनं 'येतो' म्हटलं तर माणसं देवाचं नाव घेऊ लागतात. म्हणून तो मुकाट्यानं उठून चालू लागतो. लग्नातूनही तसाच, बारशातूनही तसाच. बोलावलं तर. आधी सगळे त्याला मेजर म्हणायचे, मग पेटीवाला म्हणू लागले. स्टँडवरचा चहावाला आम्हाला काचेच्या ग्लासात चहा देतो, त्याला कागदाच्या कपात.

पेटी कुठं न्यायची असेल तर आधी घरीच तासभर चालू करून गार करावी लागते. शिवाय मशीन जाम होऊ नये म्हणून दर शनिवारी दुपारी तो ती चालवायचा. भिंतीतून आवाज यायचा. हूं... असा बारीक, एकसुरी, मध्येच थांबणारा, पुन्हा सुरू होणारा. शनिवारी आवाज आला की आम्ही ताटावर बसायचं टाळायचो. दुसऱ्या कुठल्या वारी आला, की माझी बायको स्वप्ना गॅस बंद करून उभी राहायची आणि म्हणायची, कोण गेलं असेल हो? चंद्राबाई मात्र त्या पेटीशी बोलायच्या. काच पुसता पुसता तिला सांगायच्या, दमलीस व्हय, घे जरा इसावा. मी ते भिंतीतून ऐकायचो आणि माझ्या अंगावर काटा यायचा. एम.कॉम. झालेल्या माणसाच्या अंगावर.

आता गेल्या वर्षीचा जुलै. माझे वडील आप्पासाहेब सांगलीच्या एका दवाखान्यात होते, हृदयाचं दुखणं. स्वप्ना त्यांच्याजवळ होती. मी संध्याकाळच्या गाडीनं जाणार होतो. मंगळवार होता. आदल्या दिवशी आकाराम पेटी घेऊन कोयनानगरला गेलेला मी स्वतः बघितला होता. तिथं धरणावर नोकरी केलेले एक म्हातारे वारले होते, मुलगा सीमेवर होता, त्याला यायला दोन दिवस लागणार होते.

साडेअकराच्या सुमाराला भिंतीतून आवाज आला.

हूं... बारीक, एकसुरी. थांबला. पुन्हा सुरू झाला.

मी हातातला शर्ट तसाच धरून उभा राहिलो. पेटी कोयनेला आहे, हे मला माहीत होतं. मग भिंतीपलीकडं काय चाललंय? लोक म्हणायचे, पेटी एकदा माणसाला चटावली की ती नसली तरी वाजते. मी त्यांना हसायचो. आणि तेवढ्यात माझा फोन उजळला. 'आकाराम पेटी.' असंच नाव घातलं होतं मी. ज्यानं कधी कुणाला फोन करायचा नाही, त्याचा फोन, आणि माझा बाप दवाखान्यात.

मी उचलला नाही. मला वाटलं, हा उचलला तर आप्पा गेले. फोन सहा वेळा वाजला. मी तो उशीखाली घातला आणि टीव्ही मोठा केला. तरी मधूनमधून तो आवाज येतच होता, आधीपेक्षा बारीक. एकच्या सुमाराला थांबला. मला सुटल्यासारखं वाटलं. मी चहा करून प्यालो.

दोन वाजता ॲम्ब्युलन्स दारात आली. ती दुसऱ्या गावच्या बाळंतिणीला सोडून धावत आली होती. ड्रायव्हरनं विचारलं, आकारामचं घर कुठलं, त्याच्या आईच्या छातीत दुखतंय.

दार नुसतं लोटलेलं होतं. चंद्राबाई आमच्या सामाईक भिंतीच्या बुडाशी पडल्या होत्या. एक हात भिंतीवर उलटा टेकलेला होता. फोन दोन हात लांब पडला होता. ड्रायव्हरनं नाडी बघितली आणि टोपी काढली. तो आवाज कशाचा होता ते मला तिथं उभ्या उभ्या कळलं. दीड तास माझी शेजारीण कण्हत होती आणि मी टीव्ही मोठा केला होता. तासभर आधी नेलं असतं तर काय झालं असतं, हे नंतर आलेल्या डॉक्टरांनी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. माझी हिंमत झाली नाही.

आकारामनं गावातल्या अकरा घरांना फोन लावले होते. एकानंही उचलला नाही. बाकीच्या दहांचं त्यांनी बघावं, मी माझं सांगतोय.

मग मी त्याला फोन लावला, आयुष्यात पहिल्यांदा. पहिल्याच घंटीला त्यानं उचलला. मी नुसता श्वास घेत राहिलो, आणि माझ्या मागं तोवर जमलेल्या बायकांनी रडायला सुरुवात केली होती. असले फोन त्यानं शेकड्यांनी घेतले होते.

"सर," तो शांतपणे म्हणाला, "मी निघालोय."

कोयनेला काय झालं ते मला त्या वारलेल्या म्हाताऱ्यांच्या मुलीकडून कळलं. संयोगिता तिचं नाव, नंतर तीच भावाला घेऊन पेटी परत पोचवायला आली होती. तिथं पाऊस धो धो, वीज येतेय जातेय. वीज गेली की जनरेटर हातानं सुरू करावा लागतो, नाहीतर पेटी तासाभरात कोमट. आईचा फोन आल्यावर आकाराम व्हरांड्यात उभा राहून फोन लावत राहिला. कोणी उचलेना म्हटल्यावर ॲम्ब्युलन्सला कळवलं. मग त्यानं संयोगिताला बोलावलं आणि जनरेटर कसा सुरू करायचा, काटा कुठं आला की काय करायचं, हे तीनदा करून दाखवलं. तिच्याकडून दोनदा करून घेतलं. कशासाठी जातोय ते सांगितलं नाही. आपल्यामुळं त्या घरानं घाई करू नये, एवढंच. दुसऱ्या दिवशी पहाटे तिचा भाऊ पोचला. त्याला वडिलांचं तोंड बघायला मिळालं.

आकाराम मात्र पाटणजवळ अडकला. झाड पडलं होतं आणि रस्त्यावर पाणी आलं होतं. इकडं गावातली जाणती माणसं म्हणू लागली, पोरगं कवा यील काय सांगावं, दिवस मावळायच्या आत उरकून घेऊ. तेव्हा मी ओरडलो. मी सहसा ओरडत नाही, वर्गातसुद्धा नाही. म्हणालो, ही बाई हलणार नाही. मग मीच म्हसवडला जाऊन बर्फाच्या लाद्या आणल्या, भुसा लावलेल्या. ज्यांनी फोन उचलले नव्हते तीच माणसं पोती टाकायला आली, पाणी उपसायला आली. रात्रभर आम्ही लाद्या बदलल्या. हात बधिर झाले. एका माणसाला थांबवून ठेवणं किती जड काम असतं, ते त्या रात्री कळलं. सांगलीला मी गेलोच नाही. आप्पांना आराम पडला होता, असा स्वप्नाचा निरोप आला होता.

सकाळी आठला टेम्पो आला. आकाराम आत गेला आणि आईजवळ बसला. रडला नाही, नुसता बघत राहिला, पोटभर. मग खांद्यावरच्या टॉवेलनं तिच्या कपाळावरचं पाणी टिपलं आणि उशाची लादी जरा मागं घ्यायला सांगितली.

तो अंगणात आला तेव्हा मी पाण्याचा तांब्या पुढं केला. तो पाणी प्याला. मग कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्यानं विचारलं, "सर, काल दुपारी फोन लागला न्हवता का?"

"रेंज नव्हती," मी म्हणालो.

मोबाइलचा टॉवर आमच्या दोन्ही घरांच्या मागंच आहे. सकाळी त्याची सावली आकारामच्या अंगणात पडते. आम्ही दोघं तिच्यातच उभे होतो.

"व्हय," तो म्हणाला. "हितं रेंजचं जरा तसंच हाय."

त्यानं तांब्या माझ्या हातात दिला.

"आणि आप्पासाहेब कसं हायत आता?"

"बरे आहेत," मी म्हणालो.

"बरं झालं. जपा त्यास्नी," असं म्हणून तो आईकडं आत गेला.