शुक्रवारचं उघडं दार

श्रावणातला शुक्रवार उजाडला तो तोंड पाडूनच. बंगळुरातल्या के. आर. पुरमवर पाऊस धड पडत नव्हता, धड थांबत नव्हता. इथले लोक ज्याला जिटीजिटी मळे म्हणतात, तसली भुरभुर आठ दिवस चालली होती. वाळत घातलेलं लुगडं तिसऱ्या दिवशीही दमटच. तानूबाईनं पालिकेचा निळा कोट अंगात चढवला, पिशवीत टॉर्च, खडू, ओगराळं आणि पांढरा वाडगा टाकला आणि सातच्या ठोक्याला गल्ली धरली.

शुक्रवार म्हणजे अळ्या शोधायचा दिवस. घराघरांत शिरायचं, पिंपं, टाक्या, कुंड्यांखालच्या ताटल्या बघायच्या, ओगराळंभर पाणी वाडग्यात ओतून निरखायचं. वळवळ दिसली की पाणी मातीत ओतून द्यायचं आणि दारापाशी खडूनं तारीख टाकायची. नवऱ्याच्या पाठोपाठ निपाणीहून बंगळुरात येऊन तिला बावीस वर्षं झाली होती, ह्या कामाला सहा. तिच्या हद्दीतली दोनशे दहा घरं तिला पाण्यावरून पाठ होती.

एक सोडून.

ते घर गल्लीच्या तोंडाशीच. वसुमतीबाईंचं. तीनशे वर्षांमागं कानडी मुलखात येऊन मुरलेलं मराठी घराणं. दुमजली घर, पितळी कड्यांचं दार, फाटकाला कुलूप. बाई वॉर्ड समितीवर. सभेत माईक हातात आला की ‘आरोग्य हाच दागिना’ म्हणून अर्धा तास बोलायच्या. गच्चीवर कमळांच्या अकरा सिमेंटच्या कुंड्या. मागच्या गल्लीतल्या तानूबाईच्या दारातून ती कमळं दिसायची, कुंड्यांतलं पाणी दिसायचं नाही.

जूनपासून पाच शुक्रवार ती त्या फाटकाशी उभी राहिली होती. पाचही वेळा आतून तेच.

“आमच्या घरी डास नाहीत, अक्का. तुमच्या गल्लीतच घाण. तिथं स्वल्प लक्ष द्या की.”

तिच्यावरचा आरोग्य निरीक्षक महांतेश, तोही निपाणी-चिकोडीकडचाच. त्यानं मान खाली घालून सांगितलं होतं, “मावशी, समितीतली बाई हाय ती. वाद नको. ‘घर बंद’ लिव्ह आन् फुडं जा.”

तिनं लिहिलं. पाच वेळा, स्वतःच्या हातानं.

मग मागच्या गल्लीत ताप शिरला. तिसरा नंबर तानूबाईच्या घराचा. सून शिवलीला पाच महिन्यांची गरोदर होती. डेंग्यूनं तिला नऊ दिवस दवाखान्यात ठेवलं. शिवलीला घरी आली, पोटातलं आलं नाही.

त्याला चाळीस दिवस झाले. चाळीस दिवस तानूबाई भाकरी थापताना, भांडी घासताना, रांगेत उभी असताना एकच गोष्ट घोटत होती. त्या बाईच्या फाटकावर पालिकेची नोटीस लावायची. आपल्या हातानं. चारचौघींदेखत.

आणि आज वरमहालक्ष्मी होती.

हा सण बंगळुरात घरोघर. लक्ष्मी मांडली की त्या दिवशी दार बंद ठेवायचं नाही, हळदीकुंकवाला आलेल्या सवाष्णीला परत धाडायचं नाही. धाडली तर लक्ष्मीच परत गेली म्हणतात. पाच शुक्रवार न उघडलेलं कुलूप आज वसुमतीबाईंनी स्वतः काढलं होतं.

अकराच्या सुमारास तानूबाईनं केसांत अबोलीचा गजरा माळला आणि निळ्या कोटासकट उंबरठा ओलांडला. दिवाणखान्यात वीसेक बायका. चांदीच्या मुखवट्याची लक्ष्मी, पुढं फळांची रास.

वसुमतीबाई क्षणभर थबकल्या. मग चेहऱ्यावर हसू ओढलं. “बा, या तानूअक्का. आज तरी कोट काढून यायचंत.”

“कामावरनं आलोय की ओ.”

“सरी, सरी, असू दे. बसा. ओटी घ्या.” त्यांनी घाईनं नारळ आणि खण उचलला. घाई का, ते तानूबाईला कळत होतं. ओटीत नारळ पडला की त्या घराविरुद्ध तोंड उघडायचं नाही, ही रीत दोघींनाही ठाऊक होती.

तिनं पदर पसरला नाही.

“माझी ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. “शिवलीलेची भरायची होती. सातव्या महिन्यात. ह्याच महिन्यात सातवा लागला असता.”

कुणी काही बोलायच्या आत ती वळली आणि बाहेरच्या जिन्यानं गच्चीवर चढली. खालून हाक आली, “अहो, कुठं निघालात?” ती थांबली नाही.

कमळं सुरेख फुलली होती. पहिल्याच कुंडीत तिनं ओगराळं बुडवलं, वाडग्यात ओतलं, आणि आतली वळवळ एकेक करून मोजली. राग म्हणावा तर तो होताच. पण त्याहून जास्त, जेवल्यासारखं समाधान.

वाडगा दोन्ही हातांनी धरून ती खाली आली. पंचामृताच्या शेजारी, लक्ष्मीसमोर तिनं तो ठेवला.

“बघा. हात लावू नगा, नुसतं बघा.”

बायका वाकल्या. पांढऱ्या चिनीमातीवर काळी वळवळ. एक म्हातारी ‘अय्यो देवरे’ म्हणून मागं सरली. कोपऱ्यातली स्मृती, नुकतीच महादेवपुऱ्यातून राहायला आलेली, तिनं फोन काढला. “काकू, हे तर लार्व्हा आहेत. मी वॉर्डाच्या ग्रुपवर टाकते.” आणि टाकलंसुद्धा.

“एका ओगराळ्यात तेवीस,” तानूबाई म्हणाली. “अशा अकरा कुंड्या.”

वसुमतीबाईंचा रंग उतरला. “मला ठाऊक नव्हतं हो…”

“ठाऊक करून द्यायला मी पाच शुक्कीरवार दारात हुभी होतो. डास नाहीत म्हनालासा न्हवं? मग ही कुनाची लेकरं?”

एकीनं पंचामृताची वाटी वाडग्यापासून दूर ओढली.

फोटो गेला तसा अर्ध्या तासात महांतेश धापा टाकत आला. तिला फाटकाशी ओढून म्हणाला, “काय करून ठेवलंस गं मावशी? नोटीस द्यायलाच लागनार आता.”

“तर. आन् ‘घर बंद’ कुनी लिव्हायला लावलं, ते बी विचारतील.”

महांतेशनं मुकाट नोटीस भरली. तो डिंक लावायला लागला तेव्हा तिनं कागद हातातून काढून घेतला. फाटकावर ठेवला, तळव्यानं चारी कोपरे दाबले, एकदा, दोनदा, तीनदा. बायका जिन्यात उभ्या राहून बघत होत्या. वसुमतीबाई दारात, हातात तोच नारळ.

मग ती गच्चीवर गेली आणि अकराच्या अकरा कुंड्या एकटीनं कलत्या केल्या. कुणी मदतीला आलं नाही, कुणी अडवलंही नाही. पाणी ओल्या फरशीवर पसरलं, कमळं चिखलात आडवी झाली. शेवटची कुंडी तिला हलेना. तिनं पाय लावून ढकलली.

घरी आली तेव्हा शिवलीला दारातच बसली होती, भिंतीला टेकून.

“लावली नोटीस,” तानूबाई म्हणाली. “माझ्या हातानं. सगळ्या बघत हुत्या. पार तोंड काळं झालं तिचं.”

शिवलीलेनं मान वर केली. सासूच्या हातांकडं बघितलं. मग म्हणाली, “हात किती खरचटलाय तुमचा.”

“आगं पर, लावली म्हनतो मी!”

“ऐकलं की, आत्ती.” ती सावकाश उठली. “नळ आलाय. दोन दिवसांनी आलाय, परत जाईल.”

तानूबाईच्या तोंडात आणखी पुष्कळ होतं. चाळीस दिवस साठवलेलं. ते तिथंच राहिलं. तिनं कोट खुंटीला अडकवला, पदर खोचला, पिंपातलं शिळं पाणी मोरीत ओतलं आणि काथ्यानं आतला शेवाळाची कड घासायला बसली.