पाचवं कारण

कॉलेजच्या फाटकासमोर झेरॉक्सचं एक दुकान आहे आणि त्यात गेली बावीस वर्षं काकू उभ्या आहेत. बसायला स्टूल आहे, पण त्यावर कोऱ्या कागदांचे गठ्ठे बसतात. काकूंचं नाव कुणालाच ठाऊक नाही, कारण कधी कुणाचं त्यावाचून अडलं नाही. प्राचार्यांपासून नवख्या पोरांपर्यंत सगळे त्यांना काकूच म्हणतात आणि सगळ्यांनाच घाई असते.

दुकानात ज्ञानाला तोटा नाही. अर्थशास्त्र, रसायनशास्त्र, मानसशास्त्र, सगळं काकूंच्या हाताखालून जातं. पण सगळ्यात जास्त मागणी पहिल्या वर्षाच्या 'आधुनिक जगाचा इतिहास' या विषयाच्या नोट्सना. एका चष्मेवाल्या मुलीने त्या कधीकाळी निळ्या शाईत, मोत्यासारख्या अक्षरात लिहिल्या, पहिला नंबर काढला आणि वही काकूंच्या हवाली करून ती परदेशी निघून गेली. फ्रान्सच्या राज्यक्रांतीपासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत सगळं जग बासष्ट पानांत. ग्रंथालयातली जाडजूड पुस्तकं धूळ खात पडली आणि ही वही झेरॉक्सची झेरॉक्स होत गावोगावच्या कॉलेजांत पोचली.

अकरा वर्षांपूर्वी, परीक्षा दोन दिवसांवर आली असताना, काकूंनी या वहीच्या एकतिसाव्या पानावर चहा सांडला.

चूक त्यांची नव्हतीच मुळी, थोरल्या जावेची होती, असं निदान त्यांचं मत होतं. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या या जाऊबाईंशी त्याच सकाळी गच्चीतल्या कपड्यांच्या दोरीवरून कडाक्याचं भांडण झालं होतं. काकूंचे ओले कपडे न विचारता एका कोपऱ्यात सरकवलेले सापडले. शब्दाने शब्द वाढला, दोरी बाजूलाच राहिली आणि शेवटी जाऊबाई म्हणाल्या, "तुझ्या हाताखालून लाख पानं गेली असतील गं, पण डोक्यात एक तरी शिरलं का? पहिल्या वर्षाला इतिहासात गचकलेली तू!" हे खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. काकूंनी तिथल्या तिथे अबोला धरला. दुकानात पोचल्या तरी मनातल्या मनात त्या भांडतच होत्या, आणि कप कलंडला.

पान एकतीस म्हणजे पहिल्या महायुद्धाची कारणं. लष्करवाद, गुप्त करार, साम्राज्यवाद, राष्ट्रवाद, ही चार कशीबशी लागत होती. पाचच्या आकड्यापुढे मात्र निळं तळं साचलं होतं. दुकानाबाहेर चाळीस पोरांची रांग. आता फिक्या प्रतींवर पेनाने अक्षरं गिरवून गिरवून काकूंचा हात कुणाच्याही वळणात सहज चालायचा. युरोपातले बरेच राजे एकमेकांच्या नात्यातले होते, हे त्यांनी आधीच्या एका पानावर ओझरतं वाचलं होतं. नात्यातले होते आणि तरीही लढले, याचं त्या दिवशी त्यांना जराही नवल वाटलं नाही. त्यांनी कोरा कागद ओढला, चार कारणं उतरवली आणि पुढे ठोकून दिलं: "५. राजघराण्यांतील अबोला. नातेवाईक असूनही राजांमध्ये मनमोकळे बोलणे उरले नव्हते. निरोप तिसऱ्यामार्फत जात. दुसऱ्याने आधी बोलावे म्हणून जो तो अडून बसला आणि या मानापमानात युद्ध भडकले."

कुणाचीही तक्रार आली नाही. उलट त्या वर्षी निकाल चांगला लागला. ज्या अर्थी सगळे लिहितायत त्या अर्थी असणारच, असं परीक्षकांनी ठरवलं असावं. पुढच्या वर्षीपासून प्रश्नपत्रिकेत सरळ 'पाच कारणे' मागू लागले.

घरातही अबोला छान रुजला. एका दोरीच्या दोन दोऱ्या झाल्या. टाकी भरल्याचे निरोप काकूंच्या नवऱ्यामार्फत वर जात आणि उत्तरं त्याच्याचमार्फत खाली येत. तो बिचारा तटस्थ राष्ट्र होता, दोन्हीकडचा चहा पीत होता आणि दोन्हीकडची बोलणी खात होता. जाऊबाईंचं ते वाक्य मात्र काकूंच्या मनातून हललं नाही. एक्कावन्नाव्या वर्षी त्यांनी गुपचूप त्या राहिलेल्या विषयाचा फॉर्म भरला. पास झालं की गुणपत्रिका जिन्यात, बरोबर जाऊबाईंच्या डोळ्यांसमोर येईल अशी चिकटवायची. तोंडाने अवाक्षर काढायचं नाही.

संध्याकाळच्या वर्गाला शिकवणारे सर जेमतेम तिशीचे होते. पहिल्या वर्षाला असताना हेच सर काकूंच्या दुकानात रांगेत पुढे घुसायचे आणि ओरडा खायचे. त्यामुळे वर्गात 'सर, तुम्ही' आणि दुकानात 'अरे, तू' असा करार आपोआप झाला. महिनाभर सगळं सुरळीत चाललं. मग महायुद्ध आलं. सरांनी चार कारणं भरभर उरकली, खडू ठेवला, हात झटकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "आता सगळ्यात महत्त्वाचं. राजघराण्यांतील अबोला!"

काकूंच्या हातातलं पेन गळून पडलं.

दुसऱ्या दिवशी त्या बावीस वर्षांत प्रथमच ग्रंथालयाची पायरी चढल्या. एकामागून एक पुस्तकं उपसली, मुद्दाम दोनदा तपासली. अबोला कुठेही नव्हता. संध्याकाळी सर सरावाची प्रश्नपत्रिका घेऊन दुकानात आले तसं काकूंनी धीर केला.

"अरे, ते पाचवं कारण आहे ना, ते कुठल्याच पुस्तकात नाहीये."

"तेच तर!" सरांचे डोळे चमकले. "काकू, मी खरं तर वाणिज्यला जाणार होतो. ते एकतिसावं पान वाचलं आणि इतिहासाकडे वळलो. बाकी सगळीकडे तोफा आणि करार, त्या एका ओळीत माणसं दिसली मला. पुढच्या महिन्यात परिषदेत त्याच्यावर निबंध वाचतोय."

"पण समजा, ते कुणीतरी मनानेच लिहिलं असेल तर?"

"इतकं खरं कुणाला मनाने लिहिता येईल?" असं म्हणून सर आपल्या प्रती घेऊन निघूनही गेले. काकू काचेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. आयुष्यात कुणी त्यांच्या लिखाणाला पहिल्यांदाच चांगलं म्हटलं होतं आणि ते स्वतःचं म्हणून सांगायची सोय नव्हती.

परीक्षेच्या दिवशी दारावरच्या बाई म्हणाल्या, "पालकांनी बाहेर थांबायचं." काकूंनी ओळखपत्र दाखवलं, बाक जरा मागे ढकलून आत शिरल्या आणि प्रश्नपत्रिका उघडली. पहिलाच प्रश्न, वीस गुणांचा: 'पहिल्या महायुद्धाचे पाचवे कारण सविस्तर स्पष्ट करा.'

पानभर लिहिणं त्यांच्या हातचा मळ होता. पण दोन ओळी झाल्या आणि जाऊबाईंचा आवाज कानात घुमला. आपल्याच खोट्याची झेरॉक्स काढून पास झालो, तर त्या वाक्याला उत्तर काय दिलं? डोक्यात काय शिरलं? काकूंनी दोन्ही ओळींवर काट मारली आणि जे घडलं ते लिहून काढलं, चहासकट.

निकालात काकूंना छत्तीस गुण मिळाले. पासाला चाळीस लागत होते.

उत्तरपत्रिकेची प्रत मागता येते. काकूंनी रीतसर अर्ज केला. चार दिवसांनी कॉलेजचा क्लार्क लिफाफा घेऊन दुकानात आला. "काकू, एवढ्या एका पेपरची झेरॉक्स काढा. कुणीतरी नापास झालेलं दिसतंय." काकूंनी स्वतःची उत्तरपत्रिका स्वतःच्या हाताने काचेवर पालथी घातली. पहिल्या प्रश्नाला शून्य. बाजूला बाहेरगावच्या परीक्षकाचा लाल शेरा: 'विषयांतर. पुरावा नाही. विद्यार्थ्याने मूळ नोट्स मिळवून वाचाव्यात.'

काकू हसत सुटल्या. प्रत माझीच, म्हणत ती त्यांनी ठेवून घेतली, तसा क्लार्क गोंधळला आणि मूळ पेपर लिफाफ्यात घालून चालता झाला. तो गेल्यावर मात्र त्यांना रडू आलं. एका खऱ्या पानापायी सगळं गेलं होतं.

दुपारी दुकानाच्या दारात सावली पडली. थोरल्या जाऊबाई! तटस्थ राष्ट्र फुटलेलं दिसत होतं.

"नापास झालीस म्हणे," जाऊबाई म्हणाल्या. अकरा वर्षांतलं पहिलं वाक्य. काकूंनी ती झेरॉक्स पुढे केली. जाऊबाईंनी स्टुलावरचे गठ्ठे खाली ठेवले, बसल्या आणि चष्मा लावून वाचू लागल्या.

"हे कारण कोणत्याही पुस्तकात नाही. ते मी लिहिले. माझ्या थोरल्या जाऊबाई वरच्या मजल्यावर राहतात. आम्ही अकरा वर्षे बोललो नाही, कारण आधी कोण बोलणार हे ठरले नाही. माझे कपडे त्यांनी सरकवले, हे तात्कालिक कारण. मूळ कारण असे की, मला त्या जे बोलल्या ते खरे होते."

वाचून झालं तरी जाऊबाईंनी कागद खाली ठेवला नाही. त्या म्हणाल्या, "बाकी ठीक आहे. पण कपडे मी नव्हते सरकवले."

"मग कुणी?"

"वारा होता त्या दिवशी."

काकू उसळल्या. "वहिनी, मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस का?"

जाऊबाईंनी पेन मागून घेतलं आणि 'तात्कालिक कारण'च्या शेजारी, समासात, ठसठशीत अक्षरात लिहिलं: 'वारा'. मग नाक ओढत म्हणाल्या, "पुढच्या खेपेला फॉर्म भरशील तेव्हा आधी मला दाखव."

काकूंनी डोळे पुसले, तेवढ्या पानाच्या दोन प्रती काढल्या आणि एक वरच्या मजल्यासाठी दिली.